वर्गात काय, फोनवर काय? ब्लेंडेड शिकवण्याची सरळ ओळख

जूनमध्ये ॲडमिशनची गडबड चालू असताना कळव्याहून आलेले एक गृहस्थ माझ्या टेबलापाशी थांबले. मुलीचा फॉर्म भरून झाला होता, फीची पावती हातात होती. म्हणाले, "मॅडम, कॉलेज आता अर्धं ऑनलाइन होणार असं ऐकतो. मग फी पूर्ण कशी?" मागे रांग खोळंबली होती. मी घाईघाईत दोन वाक्यं बोलले, त्यांनी मान डोलावली आणि गेले. त्यांचं समाधान झालं नव्हतं हे मला दिसत होतं. माझंही झालं नव्हतं.

मी ठाण्यातल्या एका कॉलेजात बीएस्सीच्या मुलांना केमिस्ट्री शिकवते. 'ब्लेंडेड' हा शब्द आमच्या स्टाफरूममध्ये रोज कानावर पडतो. परिपत्रकांत असतो, कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फायलींत असतो. पालकांना आणि मुलांना मात्र तो कुणी नीट उलगडून सांगत नाही. त्या गृहस्थांना जे सांगायला हवं होतं ते इथे सविस्तर लिहिते आहे.

लॉकडाऊनमध्ये आपण जे केलं ते ब्लेंडेड नव्हतं, हे आधी सांगायला हवं. तेव्हा ४८ मिनिटांचं लेक्चर आहे तसं उचलून स्क्रीनवर नेऊन ठेवलं होतं. सगळ्यांचे कॅमेरे बंद, मी एकटी बोलते आहे, मध्येच कुणाच्या तरी घरातल्या कुकरची शिट्टी. ती अडचणीतली सोय होती आणि त्या दिवसांत तिचा आधारही होता. पण त्या अनुभवावरून 'ऑनलाइन म्हणजे हे असं' अशी जी गाठ मनात बसली ती अजून सुटलेली नाही. मुलांच्याही आणि शिक्षकांच्याही.

ब्लेंडेड शिकवण्यात विषयाचा काही भाग मुलं आपल्या वेळेत, आपल्या गतीने, फोनवर किंवा कॉम्प्युटरवर करतात आणि काही भाग वर्गात समोरासमोर होतो. इथपर्यंत सगळेच सांगतात. खरी गोम पुढे आहे. हे दोन भाग एकमेकांना शिवलेले असावे लागतात. घरी जे पाहिलं त्याच्याशिवाय वर्गातलं काम पुढे सरकू नये, आणि वर्गात जे झालं त्याच्याशिवाय पुढचा व्हिडिओ अर्धवट वाटावा. मी स्वतःला एकच प्रश्न विचारते: व्हिडिओ न पाहता आलेल्या मुलाचं आज वर्गात काही अडलं का? नसेल अडलं, तर मी ब्लेंडेड शिकवलेलं नाही, नुसती लिंक पाठवली आहे. आणि मुलं पाहून आली नाहीत म्हणून मी तेच सगळं फळ्यावर पुन्हा शिकवलं, तर पुढच्या आठवड्यापासून कुणीही ते पाहणार नाही. पाहून येणारी शहाणी मुलंसुद्धा नाही.

आता नियमांचं बघू. इथे ४० या आकड्याने बराच घोळ घातला आहे, कारण ४० टक्के दोन ठिकाणी येतात. मे २०२१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने ब्लेंडेड शिकवण्यावर एक टिपण काढलं. त्यात कुठल्याही कोर्सचा ४० टक्क्यांपर्यंतचा भाग ऑनलाइन आणि बाकीचा वर्गात घ्यावा असं मांडलं होतं. हा झाला एका विषयाच्या पोटातला वाटा. दुसरे ४० टक्के 'स्वयम्' या सरकारी पोर्टलशी निगडित आहेत. हे पोर्टल जुलै २०१७ मध्ये सुरू झालं. त्यावरचा अख्खा कोर्स करून त्याचे क्रेडिट, म्हणजे पदवीसाठी मोजली जाणारी अभ्यासाची एककं, आपल्या पदवीत जमा करता येतात. २०१६ च्या नियमांत अशा कोर्सेसना सेमिस्टरच्या एकूण कोर्सेसपैकी २० टक्क्यांची मर्यादा होती, २०२१ च्या नियमांत ती ४० टक्के झाली. पहिल्या प्रकारात माझाच विषय मी दोन रीतींनी शिकवते. दुसऱ्या प्रकारात मुलगा दुसऱ्याच कुठल्या तरी संस्थेतल्या प्राध्यापकाकडून पूर्ण विषय शिकून येतो. त्या गृहस्थांच्या कानावर गेलेलं 'अर्धं कॉलेज ऑनलाइन' हे या दोन्हींची सरमिसळ होऊन तयार झालेलं असावं.

हिशेब मांडून बघा. थिअरीच्या एका क्रेडिटला १५ तास धरतात. नवीन रचनेत दोन क्रेडिटचे बरेच विषय आहेत, म्हणजे ३० तास. त्यातले जास्तीत जास्त १२ तास ऑनलाइन आणि निदान १८ तास वर्गात. बहुतेक कॉलेजांची चर्चा या आकड्यापाशीच थांबते. शनिवार ऑनलाइन करायचा की सोमवार, पहिलं युनिट ऑनलाइन करायचं की शेवटचं. माझं ठाम म्हणणं आहे की तास मोजण्यापासून सुरुवात केली की काम तिथेच बिघडतं. सुरुवात विषयापासून करायला हवी. कुठला भाग मूल एकट्याने करू शकतं आणि कुठल्या भागात ते एकटं असलं की अडकतं?

उदाहरण देते. पहिल्या वर्षाला टायट्रेशनचं, म्हणजे एका द्रावणात दुसरं थेंबाथेंबाने सोडून त्याची तीव्रता मोजण्याचं, प्रॅक्टिकल असतं. कॉनिकल फ्लास्कमध्ये ॲसिड, ब्युरेटमध्ये, म्हणजे खाली तोटी असलेल्या मापाच्या उभ्या नळीत, सोडियम हायड्रॉक्साइड, आणि ॲसिड संपलं की गुलाबी होणाऱ्या फिनॉल्फथॅलिनचे दोन थेंब. पूर्वी मी प्रॅक्टिकलच्या आधी वीस-पंचवीस मिनिटं फळ्यापाशी उभी राहून सगळं सांगायची: ब्युरेट आधी त्याच द्रावणाने खळबळून घ्या, तोटीत हवेचा बुडबुडा राहू देऊ नका, रीडिंग घेताना डोळा द्रावणाच्या पातळीला आणा, मेनिस्कसचा, म्हणजे द्रावणाच्या वाकलेल्या पृष्ठभागाचा, खालचा काठ बघा. मुलं लिहून घ्यायची आणि टेबलापाशी गेल्यावर त्यातलं निम्मं विसरलेली असायची. आता हे सगळं पाच मिनिटांच्या व्हिडिओत आहे. माझेच हात आणि आमच्याच लॅबमधली काचेची भांडी. शेवटी चार प्रश्न आहेत, ते सोडवल्याशिवाय ॲप्रन चढवायचा नाही.

वाचलेला वेळ कुठे जातो ते सांगते. डाव्या हाताने ब्युरेटचा कॉक सांभाळत उजव्या हाताने फ्लास्क फिरवायचा, हे व्हिडिओ दहा वेळा पाहूनही येत नाही. थेंब पडतो, गुलाबी रंग चमकतो आणि फ्लास्क फिरवला की निघून जातो. मग तो जायला थोडा जास्त वेळ घेऊ लागतो. इथे मुलं घाबरतात आणि घाईत कॉक जास्त उघडतात. झालं, फ्लास्क गडद गुलाबी, रीडिंग वाया. या क्षणी मला त्या मुलीच्या शेजारी उभं राहायचं असतं. "आता अर्धाच थेंब. टोकाशी लोंबू दे, फ्लास्कच्या कडेला टेकव, वॉश बॉटलने आत धुऊन घे." पांढऱ्या टाइलवर ठेवलेल्या फ्लास्कात अगदी फिकट गुलाबी रंग येतो आणि अर्धा मिनिट टिकतो. तिच्या चेहऱ्यावर जे उमटतं ते स्क्रीनवरून घडवता येत नाही. पूर्वी तीस जणांच्या बॅचमध्ये मी फार तर आठ-दहा जणांपाशी पोचायची, आता जवळजवळ प्रत्येकापाशी जाते.

थिअरीच्या तासाचंही तसंच. केमिस्ट्रीत या रीतीला जुना आधार आहे. अमेरिकेत कोलोरॅडोमधल्या एका हायस्कूलमध्ये जोनाथन बर्गमन आणि ॲरन सॅम्स हे दोन केमिस्ट्रीचेच शिक्षक होते. २००७ च्या सुमारास, तास बुडणाऱ्या मुलांसाठी त्यांनी आपली लेक्चरं रेकॉर्ड करायला सुरुवात केली. पुढे लेक्चर घरी आणि घरचा अभ्यास वर्गात अशी उलटापालट त्यांनी केली. यालाच फ्लिप्ड क्लासरूम म्हणतात. त्याच्याही आधी, १९९१ पासून, हार्वर्डमध्ये फिजिक्स शिकवणारे एरिक माझूर मुलांनी एकमेकांना समजावण्याची पद्धत वापरत होते. वर्गात एक प्रश्न टाकायचा, प्रत्येकाने न बोलता उत्तर निवडायचं, मग शेजाऱ्याशी वाद घालायचा, मग पुन्हा उत्तर निवडायचं.

मी हा प्रयोग एका साध्या प्रश्नावर दरवर्षी करते. चहाचं पाणी खळखळून उकळतंय. त्यातल्या मोठ्या बुडबुड्यांत काय आहे? हवा, हायड्रोजन आणि ऑक्सिजन, की पाण्याची वाफ? छातीशी एक, दोन किंवा तीन बोटं धरून उत्तर द्यायचं, म्हणजे शेजाऱ्याला दिसत नाही. बारावीला केमिस्ट्रीत उत्तम मार्क मिळवलेली मुलंही न डगमगता दोन बोटं धरतात. पाणी म्हणजे एचटूओ, उकळलं की त्याचे घटक सुटणार, असा त्यांचा हिशेब. मग मी तीन मिनिटं वाद घालायला देते आणि गप्प बसते. एका वर्षी मागच्या बाकावरून, एरवी तोंड न उघडणाऱ्या मुलाचा आवाज आला, "अरे, हायड्रोजन आणि ऑक्सिजन सुटत असते तर खाली गॅस पेटलेला आहे, चहा टाकला की भडकाच उडाला असता!" वर्ग हसला, आणि पुढच्या फेरीत बहुतेक सगळी बोटं तीनवर आली. रेणू तुटत नाही, रेणू एकमेकांपासून लांब जातात. हे मी फळ्यावर दहा वेळा लिहिलं असतं तरी त्या एका वाक्याइतकं पोचलं नसतं. उकळी यायच्या आधी भांड्याच्या तळाशी दिसणारे बारीक बुडबुडे मात्र विरघळलेल्या हवेचे असतात. तो प्रश्नही लगेच पुढे आला, मुलांनीच काढला.

अशा वादाला वेळ लागतो. तो वेळ व्हिडिओने मोकळा करून दिलेला असतो. व्हिडिओची खरी कमाई मला इथे दिसते.

संशोधन काय म्हणतं? २०१० साली अमेरिकेच्या शिक्षण खात्याने प्रसिद्ध केलेल्या एका मोठ्या आढाव्यात, नुसत्या वर्गातल्या शिकवण्यापेक्षा मिश्र पद्धतीत मुलं सरस ठरल्याचं दिसलं. पण आढावा घेणाऱ्यांनीच बजावलं होतं की मिश्र गटांना बहुधा जास्त वेळ आणि जास्त साहित्यही मिळालेलं होतं, त्यामुळे श्रेय माध्यमाला देऊ नका. मला ही सूचना निष्कर्षाइतकीच मोलाची वाटते. वर्गात मुलांनी स्वतः डोकं चालवण्याचा परिणाम मात्र बराच स्पष्ट आहे. विज्ञान आणि इंजिनीअरिंगच्या विषयांतल्या २२५ अभ्यासांचा एकत्रित हिशेब २०१४ मध्ये मांडला गेला. त्यात नुसत्या लेक्चरच्या वर्गात नापास होण्याचं प्रमाण सुमारे ३४ टक्के होतं, तर मुलं स्वतः काम करत होती तिथे सुमारे २२ टक्के.

मुलांना मात्र असं शिकताना आपण शिकतोय असं वाटत नाही. २०१९ साली हार्वर्डच्या फिजिक्सच्या वर्गांत हेच मोजलं गेलं. वर्गात स्वतः खटपट केलेल्या मुलांना चाचणीत मार्क जास्त पडले, पण 'किती शिकलात' असं विचारल्यावर कमी शिकल्याचं त्यांनी सांगितलं. छान ओघवतं लेक्चर ऐकलं की सगळं कळल्यासारखं वाटतं. आमच्याकडे फीडबॅक फॉर्मवर 'मॅडम शिकवत नाहीत, आम्हालाच करायला लावतात' असं येतं तेव्हा मला हा अभ्यास आठवतो. आता मी पहिल्याच आठवड्यात मुलांना सांगून टाकते की तुम्हाला असं वाटेल, आणि का वाटेल.

व्हिडिओबद्दल थोडं. सहकारी विचारतात, स्टुडिओ लागतो का. नाही लागत. फोन, एक स्टँड, वही, पेन आणि पंखा बंद. लांबी मात्र महत्त्वाची. ऑनलाइन कोर्सेसमध्ये व्हिडिओ पाहिल्याच्या जवळजवळ ६९ लाख नोंदी तपासून २०१४ मध्ये असं दिसलं होतं की व्हिडिओ कितीही लांब असला तरी सर्वसाधारण विद्यार्थी सहा मिनिटांच्या पुढे टिकत नाही. म्हणजे ४८ मिनिटांचं लेक्चर रेकॉर्ड करून टाकणं म्हणजे ते न पाहण्याची सोय करणं. आणि नुसतं पाहून भागत नाही. २००६ मधल्या एका प्रसिद्ध प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी तो न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. म्हणून माझ्या व्हिडिओंच्या शेवटी 'फोन पालथा ठेवा आणि वहीत चार ओळी लिहा' असं येतं. त्या चार ओळींचा फोटो मला हवा असतो, मग भले तो वाकडातिकडा असो.

मराठी माध्यमातून आलेल्या मुलांसाठी तर व्हिडिओ हा फार मोठा आधार आहे. शहापूर-मुरबाडकडची मुलं पहिल्या वर्षाला येतात तेव्हा विषय त्यांना जड नसतो, इंग्रजी शब्दांचा मारा जड असतो. वर्गात मी 'इक्विव्हॅलन्स पॉइंट' म्हणते, ती मुलगी स्पेलिंग लिहीपर्यंत मी दोन वाक्यं पुढे गेलेली असते. हात वर करून 'पुन्हा सांगा' म्हणायची तिला लाज वाटते. व्हिडिओ थांबवायला कुणाची परवानगी लागत नाही. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने सॉफ्टवेअरचे छोटे छोटे धडे मराठीतही ऐकायला ठेवले आहेत, ते याच विचाराने. माझ्या व्हिडिओंत मी प्रत्येक नवी संज्ञा पडद्यावर लिहिते आणि एकदा मराठीत अर्थ सांगते. वीस सेकंद जातात, पण मूल हरवत नाही.

आता आपल्या गावाचं वास्तव. आमच्याकडे आसनगावहून लोकलने येणारी मुलं आहेत, ट्रान्स हार्बरने घणसोली-कोपरखैरण्याहून येणारी आहेत, दिव्याला गाडीत शिरता न आल्याने दोन गाड्या सोडणारी आहेत. कुणी संध्याकाळी वागळे इस्टेटमध्ये काम करतं, कुणी महापे-ऐरोलीच्या कंपन्यांत रात्रपाळी. दोन तास धक्के खात आलेल्या मुलाला पुस्तकातलंच वाचून दाखवणं मला पटत नाही. आणि जुलैत रुळांवर पाणी भरलं, मुलं पोचू शकली नाहीत, तर तयार व्हिडिओमुळे त्या आठवड्याचा धागा तुटत नाही.

पण 'ऑनलाइन भाग घरी करा' असं म्हणताना घर कसं आहे हेही बघावं लागतं. किसननगरमधल्या दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसं, टीव्ही चालू, फोन दोन भावंडांत एक. दिवसाचा दीड जीबीचा पॅक दुपारीच संपलेला. मुलींची गोष्ट आणखी वेगळी. मुलगी कॉलेजात असते तेव्हा ती कॉलेजात असते. ती घरी फोन घेऊन बसली की 'घरीच आहेस ना, तेवढी भाजी निवड' सुरू होतं. माझ्या एका विद्यार्थिनीने मला सांगितलं होतं, "मॅडम, ऑनलाइन तास म्हणजे माझा तास नसतोच." ते ऐकल्यापासून माझा आग्रह आहे की ऑनलाइन कामासाठीही कॉलेजची लायब्ररी आणि कॉम्प्युटर लॅब उघडी हवी, वेळापत्रकात त्या तासाचा चौकोन छापलेला हवा. म्हणजे घरी दाखवता येतो. व्हिडिओ कमी आकाराचा आणि डाउनलोड करून ठेवता येईल असा हवा, लिखित टिपणं सोबत हवीत. ज्यांचा फोनच बिघडला आहे त्यांना पेन ड्राइव्हवर द्यायचे. एवढं केल्याशिवाय ४० टक्क्यांची भाषा करू नये असं मला वाटतं.

एकाच वेळी निम्मी मुलं वर्गात आणि निम्मी स्क्रीनवर, असा एक प्रकार बरीच कॉलेजं करू पाहतात. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये २००६ च्या सुमारास तो विचारपूर्वक उभा राहिला होता, तिथे विद्यार्थ्याने आपली रीत स्वतः निवडायची असते. पण एक शिक्षक, एक लॅपटॉप आणि भिंतीवरचा माइक एवढ्यावर तो पेलत नाही. मी करून पाहिला. वर्गातल्यांकडे बघावं तर स्क्रीनवरचे विसरले जातात.

आणि आता त्या गृहस्थांच्या फीच्या प्रश्नाकडे. पाच मिनिटांचा एक व्हिडिओ नीट करायला माझी अख्खी संध्याकाळ जाते. चार ओळींचे साठ फोटो वाचायला दुसरी. वर्गात तयार लेक्चर म्हणण्यापेक्षा मुलांचे वाद ऐकत योग्य जागी बोट ठेवणं जास्त दमवतं. म्हणजे ऑनलाइन भागामुळे शिक्षकाचं काम कमी होत नाही. तरीही त्यांचा प्रश्न पुसला जात नाही. त्यांच्या मुलीला त्या १२ तासांत फक्त कुठल्या तरी व्हिडिओच्या लिंका मिळत असतील, तिच्या चार ओळी कुणी वाचत नसेल, तर त्या भागाचे पैसे का भरायचे हे विचारण्याचा त्यांना पूर्ण हक्क आहे. पालकांनी ॲडमिशनच्या वेळी हे जरूर विचारावं: ऑनलाइन तासात मुलं काय करणार, ते कोण तपासणार, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात त्याचं काय होणार? हजेरी कशी लावणार हेही विचारा. लिंक उघडली की हजेरी लागत असेल तर ती फोनची हजेरी झाली.

ज्या शिक्षकांना सुरुवात करायची आहे त्यांनी अख्खा विषय हातात घेऊ नये. दरवर्षी जिथे मुलांचे मार्क जातात असा एकच टॉपिक घ्यावा. माझा तो टॉपिक बफर सोल्युशन आहे. मुलं सूत्र पाठ करतात, गणित सोडवतात, आणि थोडं ॲसिड टाकूनही पीएच जवळपास तिथेच का राहतो हे विचारलं की खाली बघतात. येत्या सेमिस्टरला त्यासाठी दोन व्हिडिओ आहेत, दोन्ही सहा मिनिटांच्या आतले. एक तयार आहे. दुसऱ्यात, साध्या पाण्यात आणि बफरमध्ये तेवढंच ॲसिड टाकून इंडिकेटरचा रंग शेजारी शेजारी दाखवायचा आहे. त्याचं शूटिंग शनिवारी लॅब रिकामी असताना करणार आहे.